एकेचाळिसावं कीर्तन

“त्या चॅनेलवरून बुवांचं जे जे असेल ते सगळं उतरवून टाक,” मी म्हणाले.

वकील नलिनी खटावकरनं मान डोलावली आणि पडद्यावरची यादी खाली सरकवली. सांगलीत कोर्टाच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर तिचं ऑफिस होतं. दोन खुर्च्या, एक कुरकुरणारा पंखा आणि एक संगणक. तिचे वडील अण्णांच्या, म्हणजे बुवांच्या, कीर्तनाला पहिल्या रांगेत मांडी ठोकून बसायचे, त्यामुळे ती मला मावशी म्हणायची आणि माझं काम इतरांच्या आधी हातात घ्यायची.

तिनं सांगितल्याप्रमाणे मी सगळं वहीत लिहून आणलं होतं. इंटरनेटवरच्या माणसानं आपलं काही उचललं असं म्हणायचं, तर नुसतं म्हणून भागत नाही. त्याचं कीर्तन आणि आपली कॅसेट शेजारी शेजारी ऐकायची आणि अमुक मिनिटाला अमुक वाक्य दोन्हीकडे सारखं आहे, असं दाखवून द्यायचं. सहा आठवडे मी पूजा आटोपली की कानाला ती बोंडं लावून बसत होते. चाळीस कीर्तनं, चाळीस पानं.

“मावशी, पण इथं एकेचाळीस आहेत,” नलिनी म्हणाली.

मी वाकून बघितलं. अगदी तळाला लिहिलं होतं, ‘वामनबुवा सावळजकर, पोह्यांचं आख्यान’. मित्राला भेटायला फाटक्या उपरण्यात पोहे बांधून नेणाऱ्या गरीब ब्राह्मणाचं ते आख्यान आमच्या मालिकेत तेविसावं होतं. आम्ही कीर्तनातली माणसं मोजदाद करतो ती आख्यानावरून. तेच आख्यान, तेच बुवा, म्हणजे त्या माणसानं चुकून दोनदा चढवलं असणार. मी म्हटलं, तेविसाव्याचंच टिपण याला लाव.

एकदा ऐकून बघू या का, असं तिनं विचारलं. रामाच्या देवळात पाच वाजता एक नवे बुवा उभे राहणार होते, मला त्यांचं नमन चुकवायचं नव्हतं. नाही ऐकलं. अकरा वर्षं झाली या गोष्टीला, पण त्या दिवशी त्या नव्या बुवांनी काय सांगितलं ते मला एक अक्षर आठवत नाही.

अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. बारा वर्षांनी मोठे. आईवडील लवकर गेले, तेव्हा मला वाढवलं त्यांनीच, आणि पेटी शिकवली तीही त्यांनीच. लग्न दोघांनीही केलं नाही. त्यांनी देवासाठी आणि मी त्यांच्यासाठी, असं लोक म्हणत. खरं म्हणजे आम्हाला सवडच झाली नाही. सव्वीस वर्षं मी त्यांच्या मागे पेटीवर बसले. कोकणातली शिमग्याआधीची गावं, कृष्णाकाठचे उत्सव, मारुतीचे जन्मकाळ. ते उभे राहत, गळ्यात हार, हातात चिपळ्या, आणि पूर्वरंगात एकदा का आवाज लागला की देवळाच्या खांबांनाही ऐकावंसं वाटत असेल असं मला वाटायचं.

एक गोष्ट मात्र कुणाला ठाऊक नव्हती. अण्णांना उत्तररंगात पदं आठवायची नाहीत. आख्यान रंगलं की ते त्या गोष्टीतच राहायला जात, आणि पुढच्या पदाचं तोंड हरवून बसत. मग ते थोडे थांबत. मी त्या पदाचा पहिला स्वर हळूच दाबायची, नुसतं बोट ठेवायची. तेवढ्यावर त्यांना अख्खं पद सापडायचं. लोकांना वाटे, बुवा काय छान विसावा घेतात. आम्ही दोघं घरी आलो की त्यावर हसायचो.

माझ्या गुडघ्याशी टेपरेकॉर्डर असायचा. तो अण्णांनीच घेऊन दिला होता. घरी ऐक, चुका काढ, असं त्यांचं म्हणणं. चुका मी पुष्कळ काढल्या आणि फिती जपून ठेवल्या. मग एके वर्षी माझ्या मनात आलं की या कीर्तनांच्या कॅसेट काढाव्यात. अण्णा थकत चालले होते. हा आवाज उद्या कुठे शोधायचा? अण्णांनी शांतपणे नाही म्हटलं. गादीवर उभं राहून बोललेलं त्या दिवसाचं, त्या माणसांचं. ज्यानं नेलं त्यानं पोटात घालून न्यावं, डबीत भरून विकायचं नाही. नारदांच्या गादीचा तसा दंडक आहे, असं ते मानायचे.

मी ऐकलं नाही. मिरजेला एकाकडून शंभर प्रती करून घेतल्या, वर अण्णांचा फोटो छापला, आणि एका उत्सवात चपला ठेवायच्या जागेशेजारी टेबल मांडून विकायला ठेवल्या. अण्णांनी येता येता ते पाहिलं. कीर्तन नेहमीसारखं केलं. घरी आल्यावर पगडी खुंटीला लावली आणि मला म्हणाले, “इंदू, माझा फोटो चपलांच्या बाजूला बरा दिसत होता की.”

एवढंच. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्या एका वाक्याचा मला असा काही संताप आला की मी म्हणून बसले, मग तुमची पेटी तुम्हीच शोधा, मी आता येत नाही.

दोन दिवसांनी हनुमान जयंतीला आरगवाडीचं कीर्तन होतं. अण्णांनी पिशवी भरली. दारात थांबले, माझ्याकडे पाहिलं. मी तांदूळ निवडत होते, तशीच निवडत राहिले. एसटीनं ते एकटे गेले. परत आले ते ताप घेऊनच, आणि आठ दिवसांत गेले. त्या आठ दिवसांत आरगवाडीचं त्यांनी काही सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

त्यांच्यामागे मी काय केलं? चाळीस कॅसेट काढल्या. ‘सावळजकर कीर्तनमाला’. गावभागात एक चिंचोळं दुकान घेतलं. दोन टेप जोडून, एकीवरून दुसरीवर उतरवताना मी सगळ्या फिती साफ केल्या. खोकला काढला, लहान मुलांचं रडणं काढलं, अण्णा थांबायचे त्या सगळ्या जागा काढल्या. ऐकणाऱ्याला कुठे खड्डा लागू नये. पुढे सीड्या आल्या, मग एका पोरीकडून वेबसाइट करून घेतली. तिच्यावर महिन्याला जेवढी माणसं यायची त्याहून जास्त एखाद्या बारशाला येतात. तरी ते दुकान माझं पोट भरत होतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे रोज सकाळी शटर वर केलं की अण्णा बोलायला लागत. ते बंद पडलं असतं तर मी दिवसभर कुणाच्या आवाजात बसले असते?

एक कीर्तन मात्र माझ्याकडे नव्हतं. आरगवाडीचं. देवापुढे बसले की मी मागायची ते एवढंच, की त्या दिवशी अण्णांनी काय सांगितलं ते एकदा कळू दे. जाऊन विचारायचं धाडस सतरा वर्षांत झालं नाही. विचारायचं म्हणजे मी का नव्हते ते सांगावं लागणार. आणि खरी भीती निराळी होती. ते माझ्यावर रुसून गेले का, हे तिथल्या कुणीतरी पाहिलं असेल, आणि ते मला सांगेल.

अशात ते चॅनेल निघालं. नाव ‘नामगोडी’. खाली लिहिलेलं, ‘ही केवळ सेवा. श्री. मा.’ माझी चाळीसच्या चाळीस कीर्तनं तिथं फुकट. लोक दुकानात येऊन मलाच कौतुकानं सांगत, ताई, आता बुवांचं मोबाइलवर ऐकायला मिळतं, छान सोय केलीत. आणि वर हात जोडून, काही न घेता निघून जात. एकदा तर एक गृहस्थ माझ्यासमोर उभं राहून माझीच कीर्तनं मला ऐकवून गेले. श्री. मा. म्हणजे श्रीखंड मागणारा असेल कुणी, असं मी चिडून नलिनीला म्हटलं होतं. तिला हसू आवरेना. मग ती म्हणाली, मावशी, तक्रार मान्य झाली की कीर्तन उतरतं, आणि अशा तीन तक्रारी झाल्या की अख्खं चॅनेलच बंद होतं. आपल्याकडे तर ढीग आहे.

तसंच झालं. नऊ दिवसांत ‘नामगोडी’ बंद पडलं. नलिनीनं फोन करून सांगितलं तेव्हा मी दुकानात अण्णांच्या फोटोला हार घातला. आपलं आपल्याकडे परत आलं असं वाटलं. शेजारचे घड्याळवाले जोशी म्हणाले, ताई, आज सणासारख्या दिसताय.

आणखी चार दिवसांनी पोस्टमननं एक पाकीट आणून टाकलं. आखीव कागद, वळणदार शिक्षकी अक्षर.

‘आदरणीय इंदूताई, सा. न. वि. वि. आपली तक्रार वाचली. कॅसेटच्या पाठीवरचा पत्ता होताच, म्हणून पत्र लिहितो. आपल्या चाळीसही कॅसेट मी एकेक करून आपल्याच दुकानातून नेल्या आहेत. फितींना बुरशी धरू लागली, म्हणून संगणकावर उतरवून ठेवल्या आणि इतरांनीही ऐकाव्यात म्हणून पुढे केल्या. मध्यंतरी दोनदा आलो तेव्हा आपले दुकान बंद होते. आपण व्यवसाय आवरला असावा, असा माझा समज झाला. विचारायला हवे होते. चूक माझी आहे. ती चाळीस आपण उतरवलीत हे योग्यच झाले. एकेचाळिसावे मात्र आपल्या मालिकेतले नव्हे. ते आमच्या मारुतीच्या देवळातले. मी स्वतः टेपवर घेतले होते. त्या दिवशी पेटीवर मीच होतो. गावातले लोक हनुमान जयंतीला ते लावत असत. तेवढे परत मिळाले तर उपकार होतील. आपला, श्रीपती माळी, निवृत्त शिक्षक, आरगवाडी.’

दुकान दोनदा बंद का होतं ते मला आठवलं. गुडघ्याच्या दुखण्यानं मी दोन महिने घरीच होते. पण तो विचार नंतरचा. आधी मी ते ‘पेटीवर मीच होतो’ कितीदा वाचलं, देव जाणे. ज्या कीर्तनासाठी सतरा वर्षं देवापुढे पदर पसरला, ते माझ्यासमोर पडद्यावर आलं होतं, आणि मी त्याला दुसऱ्याचं टिपण जोडून उतरवून टाकलं होतं. देवळात जायची घाई होती म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी आरगवाडीला गेले.

मास्तरांचं घर देवळाच्या उजव्या अंगाला, पुढे शेवग्याचं झाड. अंगणात त्यांच्या पत्नी मिरच्या वाळत घालत होत्या. मी नाव सांगितलं. त्यांनी पदराला हात पुसले आणि मला वरपासून खालपर्यंत निरखलं.

“तुमीच व्हय त्या? आमच्या ह्यांचं चॅनेल बंद पाडलंसा त्या?”

मी हो म्हटलं.

“बरं केलंसा की मग माजं वाटोळं. आता ह्यो माणूस दिसभर माज्या मागंमागं फिरतोय. भाजीत मीठ किती घालायचं ते मला शिकिवतोय. या, बसा. च्या घेतायसा न्हवं?”

मास्तर आतून आले. किरकोळ अंगाचे, पांढरी टोपी, सदऱ्याच्या खिशाला पेन. मी काही बोलायच्या आत त्यांनी वाकून नमस्कार केला. मला ओशाळल्यासारखं झालं. मी माफी मागायला आले होते आणि तेही तेच करू लागले. मग बराच वेळ आम्ही दोघं एकमेकांची चूक नाही असं एकमेकांना पटवत राहिलो. शेवटी माळीणबाई म्हणाल्या की चूक कुणाची ती चहा निवायच्या आत ठरवा.

मी मास्तरांना सांगितलं, मला ते कीर्तन ऐकायचंय. त्यांना वाटलं मी ताडून बघायला आले आहे. म्हणाले, आवाज फारसा स्वच्छ नाही, मी काही काढलं-बिढलं नाही, तुमच्यासारखी हातोटी नाही मला. त्यांनी कपाटातून एक टेपरेकॉर्डर काढला, फडक्यात गुंडाळलेला. फीतही फडक्यात. अगदी देव काढावेत तसं.

आधी देवळाची घंटा. मग माणसांचा गलबला, कुणीतरी कुणाला सरकून बसायला सांगतंय. मग अण्णांचं नमन. आवाज बसलेला होता. तापाची सुरुवात तिथंच झाली होती, आता मला ऐकू येत होतं. पूर्वरंग त्यांनी आखडता घेतला. मध्यंतरात बुक्का लावतानाचे आवाज, कुणीतरी हार घालताना बुवांच्या पगडीला धक्का लागला असावा, माणसं हसली. हे असलं मी चाळीस वेळा कापून टाकलं होतं. ऐकताना असं वाटलं की देवळाचं दार कुणीतरी ढकलून उघडलंय आणि आत सगळी माणसं अजून बसलेली आहेत.

उत्तररंगात पोह्यांचं आख्यान. तो ब्राह्मण मित्राच्या वाड्यात जातो, एवढं वैभव बघतो, आणि आपली ती पुरचुंडी काखेत दडवतो. अण्णा तिथं नेहमी आवाज अगदी खाली आणत. प्रेमानं आणलेलं द्यायला माणूस लाजतो, असं म्हणत, आणि मग मित्र ती पुरचुंडी ओढून घेतो त्याचं पद. ते पद मध्यमावर सुरू होतं.

अण्णा थांबले.

माझं बोट गुडघ्यावर आपोआप टेकलं. फितीत काहीच नव्हतं. एक मूल किरकिरलं, कुणीतरी खाकरलं. मला अण्णा थांबायचे त्या जागांच्या मात्रा मोजायची सवय, सगळ्या मीच कापल्या होत्या ना. एरवी चार मात्रांत मी स्वर द्यायची. इथं दहा झाल्या. पंधरा. एकविसाव्या मात्रेला अण्णांचा आवाज आला, पण लांबून, मान मागे वळवल्यावर येतो तसा.

“इंदू...”

पुन्हा काही नाही. मग पेटीचा एक स्वर, भलताच. मग अण्णा परत समोर वळले असावेत, आवाज जवळ आला. “पेटी आज घरी राहिलीय. तेव्हा पद राहू द्या, मी तुम्हाला गोष्टच सांगतो.” लोक हसले. त्यांनी ते पद गायलं नाही. पुरचुंडी कशी ओढली, पोहे कसे खाल्ले, ते साध्या बोलण्यात सांगितलं आणि आरतीला गेले.

मी फीत मागे घ्यायला सांगितली. पुन्हा ऐकलं. पुन्हा. त्या दोन अक्षरांत काय होतं? सव्वीस वर्षांची सवय होती? हाक होती? की मी नाही हे मागे वळल्यावरच त्यांना आठवलं, आणि त्या आठवण्यात राग होता? कधी वाटे त्यांनी मला बोलावलंय, कधी वाटे मला सोडून दिलंय. अण्णांच्या आवाजातला एकेक श्वास मी ओळखते अशी माझी ऐट होती, आणि एवढी दोन अक्षरं मला लागेनात.

माळीणबाई दाराशी येऊन उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं की त्या दिवशी त्या बायकांच्या बाजूला पुढेच बसल्या होत्या. पण बुवा मागे वळले म्हणजे बायाबापड्यांकडे त्यांची पाठ झाली. तोंड दिसलं असेल ते मागे बसलेल्यांनाच. तबल्यावर गावातला धोंडिराम होता, तो जाऊन नऊ वर्षं झाली होती.

म्हणजे या जगात ते पाहिलेला एकच माणूस उरला होता, आणि तो माझ्यासमोर फडक्याची घडी घालत बसला होता.

मी मास्तरांना सगळं सांगितलं. चपलांशेजारचं टेबल, माझं बोलणं, तांदूळ निवडणं. कुणालाच सांगितलं नव्हतं, नलिनीलाही नाही. मास्तर खाली मान घालून ऐकत होते.

“मास्तर, ते मागे वळले तेव्हा तुम्ही समोर होतात. चेहरा कसा होता अण्णांचा?”

मास्तरांना काहीतरी गोड सांगून मला परत पाठवता आलं असतं. मलाही त्या क्षणी चाललं असतं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“ताई, खोटं कसं बोलू? मी पेटीकडं बघत होतो,” ते म्हणाले. “मला सूर घावत नव्हता.”

बाहेर देवळात कुणीतरी घंटा वाजवून गेलं. मग मास्तर हळू आवाजात म्हणाले की गेली सतरा वर्षं त्यांना तेवढंच सलत होतं. एवढे मोठे बुवा आपल्या गावात येऊन थांबले आणि आपल्याला एक स्वर देता आला नाही. म्हणून त्यांनी माझ्या कॅसेट एकेक करून नेल्या. प्रत्येक पदाचं तोंड पाठ केलं. पुन्हा कधी असे बुवा अडले तर आपण तयार असावं. पण पुढे गावात कीर्तनंच कमी होत गेली.

मी विचारलं, मास्तर, तुमची पेटी कुठं आहे. त्यांनी आतून आणली. भात्याला दोन ठिगळं होती. मी मध्यमावर बोट ठेवलं आणि ते पद त्यांना एकदा पूर्ण वाजवून दाखवलं. त्यांना ते येतच होतं. माझ्याबरोबर ते गुणगुणले, एका ठिकाणी माझंच चुकलं तर त्यांनी सुधारलं. माळीणबाई पदर डोक्यावर घेऊन ऐकत बसल्या. दुपारच्या एसटीला मला सोडायला दोघं फाट्यापर्यंत आले, आणि पिशवीत शेवग्याच्या शेंगा कोंबल्या.

दुसऱ्या दिवशी मी नलिनीकडे गेले. एकेचाळिसाव्यावरची तक्रार मागे घ्यायची आहे, असं सांगितलं. चाळीसांचं राहू दे, चॅनेलही बंदच राहील, पण हे एक गावातलं कुणीतरी पुन्हा चढवू शकेल.

तिनं मला समजावलं. तिचं बरोबरच होतं, वकिलीच्या दृष्टीनं. कीर्तन बुवांचं, तुम्ही त्यांच्या वारस, फीत कुणीही घेतलेली असो, हक्क तुमचा. शिवाय एक सोडलं की उद्या दुसरा म्हणेल, मलाही सोडा. ती म्हणाली, त्यापेक्षा ती फीत मास्तरांकडून घ्या, साफ करा आणि मालिकेत एकेचाळिसावं म्हणून काढा. लोक रांग लावतील. बुवांचं शेवटचं कीर्तन.

साफ करा, असं ती म्हणाली. त्यात तिचा काही दोष नव्हता. मीही तेच केलं असतं. त्या एकवीस मात्रा सगळ्यात आधी काढल्या असत्या.

मी म्हटलं, नाही. जसं आहे तसं त्यांच्या गावाकडे जाऊ दे.

नलिनीनं पडद्यावर तो अर्ज उघडला. तक्रार मागे घेणाऱ्याचं नाव. कीर्तनाचा पत्ता. मग एक चौकोन होता, मागे घेण्याचं कारण. त्यात काय लिहायचं असं तिनं विचारलं. तीन-चार कारणं तिनंच सुचवली, गैरसमज झाला, परवानगी दिली, आपसात तडजोड झाली. यातलं कुठलंही चालेल म्हणाली.

“लिही,” मी म्हटलं, “या कीर्तनात पेटीवर मी नव्हते.”

तिची बोटं थांबली. तिनं चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं.

“मावशी, हे कंपनीला काही कळायचं नाही.”

“नको कळू दे,” मी म्हणाले. “तू लिही.”